भाड्यानं द्यायला घर घ्यावं का?

(दहावी १९८६ च्या स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला 'कायदा आणि सामान्य माणूस' असा भारदस्त विषय दिला होता. तो मी परस्पर बदलून घेतला. कारण गेल्या वर्षभरात आपल्या वर्गाच्या ग्रुपवरून मला खासगीत जे निरोप आले, त्यांतले निम्म्याहून अधिक एकाच गोष्टीबद्दल होते. "अगं, फंडाचे पैसे येतायत, पुण्यात एखादा फ्लॅट घेऊन भाड्यानं देऊ का?" कुणी स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, कुणाची वडिलोपार्जित जमीन रस्त्यात गेली आणि मोबदला मिळाला आहे, कुणाचा मुलगा परदेशातून पैसे पाठवतो आहे. आपण सगळे पंचावन्न-छप्पनचे झालो. या वयात हातात आलेली रक्कम बहुतेकांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी असते, आणि ती पुन्हा येणार नसते. म्हणून जे प्रत्येकाला वेगवेगळं फोनवर सांगत होते, ते आज एकदाच सगळ्यांसमोर सांगते. सत्तावीस वर्षं पुण्यात खरेदीखतं आणि भाडेकरारांची कामं करते आहे, तेवढ्याच अधिकारानं. मी गुंतवणूक सल्लागार नाही.

पहिला प्रश्न नेहमी तोच असतो. "भाड्यातून किती सुटेल?" आणि विचारणाऱ्यानं मनातल्या मनात हिशेब केलेलाच असतो. महिन्याला अठरा हजार, गुणिले बारा, झाले दोन लाख सोळा हजार. हा हिशेब चौथीतल्या गणितासारखा सरळ आहे, म्हणूनच तो फसवा आहे.

समजा पुण्यात साठ लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे चार लाख वीस हजार. खरेदी फक्त बाईच्या किंवा बायकांच्याच नावावर असेल तर एक टक्का सवलत मिळते, हे लक्षात ठेवा. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की ती गेली. नोंदणी फी तीस हजार. इमारत अजून बांधली जात असेल तर त्यावर जीएसटी आणखी वेगळा, साधारण पाच टक्के; पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो लागत नाही. मग पंखे, दिवे, गिझर, खिडक्यांना जाळ्या, स्वयंपाकघरात ट्रॉल्या. रिकाम्या भिंतींना अठरा हजार कुणी देत नाही. अडीच लाख धरा. म्हणजे साठ लाखांचं घर तुम्हाला सदुसष्ट लाखांना पडलं.

आता येणाऱ्या दोन लाख सोळा हजारांतून काय काय जातं ते बघा. सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला अडीच हजार, वर्षाचे तीस. महापालिकेचा कर बारा हजार. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला यात सरासरी एक महिना घर रिकामं, अठरा हजार. एजंटाला एक महिन्याचं भाडं, ते दोन वर्षांत एकदा धरलं तर वर्षाला नऊ हजार. रंग, गळकी तोटी, बंद पडलेला गिझर, बारा हजार. उरले एक लाख पस्तीस हजार. सदुसष्ट लाखांवर दोन टक्के. त्यावर प्राप्तिकर अजून दिलेलाच नाही.

मागच्या रांगेत काही चेहरे पडलेले मला दिसतायत. पडू देत. हे आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे घाला. पण मेंटेनन्स, कर, रिकामा महिना, एजंट आणि दुरुस्ती ही पाच वजाबाक्या केल्याशिवाय कुठल्याही फ्लॅटला टोकन देऊ नका.

यावर मला ऐकवलं जातं, "पण किंमत वाढते ना!" वाढते. कुठं वाढते, किती वाढते आणि गरज असेल त्या महिन्यात गिऱ्हाईक मिळतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. घराचा एक कोपरा विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही. २०२० साली आयटीतली मुलं लॅपटॉप घेऊन गावी गेली, तेव्हा हिंजवडीच्या पट्ट्यात एकेका सोसायटीत रिकाम्या फ्लॅटांच्या रांगा होत्या आणि हप्ते मात्र चालूच होते.

हप्त्यांवरून आठवलं. "कर्ज काढतो, भाड्यातून हप्ता फिटेल" असं म्हणणाऱ्यांसाठी. साठ लाखांच्या घराला बँक ऐंशी टक्के देते, म्हणजे अठ्ठेचाळीस लाख. तिशीतल्या मुलाला वीस वर्षांची मुदत मिळते आणि साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण एकेचाळीस हजार सहाशे बसतो. आपल्या वयाला मुदत कमी होते, कारण बँक निवृत्तीचं वय बघते. दहा वर्षं धरली तर हप्ता जवळपास साठ हजार. भाड्यातून निव्वळ हातात येतात सव्वाअकरा हजार. उरलेले अठ्ठेचाळीस हजार दर महिन्याला कुठून आणणार आहात, हे मला नको, घरी बायकोला किंवा नवऱ्याला सांगा.

मग कुणी घ्यावंच नाही का? तसं नाही. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीची गोष्ट तिची परवानगी घेऊन सांगते, नाव घेणार नाही. चार वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. फंड आणि विमा मिळून पंचेचाळीस लाख हातात आले. दहाव्या-तेराव्याला आलेल्या नातेवाइकांपासून बिल्डरच्या माणसापर्यंत सगळे सांगत होते, पुण्यात बुकिंग करून टाक. एका जाहिरातीत तर ताबा मिळेपर्यंत 'दरमहा खात्रीचं भाडं' होतं. अशा खात्रीबद्दल माझं मत सरळ आहे. ते भाडं बहुतेक वेळा तुमच्याच पैशातून, वाढीव किमतीत आधीच धरून, तुम्हाला परत दिलेलं असतं; आणि बिल्डर अडचणीत आला की सर्वांत आधी तेच थांबतं.

आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. तिला महिन्याला तीस हजार लागत होते. सगळी रक्कम फ्लॅटमध्ये घातली तर हातात महिन्याला आठ हजार. साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवली तर चोवीस हजार, पण ते चोवीस हजार पंधरा वर्षांनीही चोवीसच राहणार, आणि तेव्हा किराणा मालाचे भाव आजचे नसणार. भाडं हळूहळू का होईना, वाढतं. हीच भाड्याच्या घराची खरी जमेची बाजू. तिनं शेवटी कर्ज न काढता मलकापूरच्या बाजूला एक जुना, वापरातला एक बेडरूमचा फ्लॅट घेतला, निम्म्याहून कमी रकमेत. उरलेली रक्कम बँकेत. तिथं मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटलमुळे नर्सेस, विद्यार्थी, शिकाऊ डॉक्टर यांची मागणी असते. घर तिच्या राहत्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. मला विचाराल तर यातली शेवटची गोष्ट सगळ्यात शहाणपणाची होती. नळ गळतो असा फोन आल्यावर जिथं आपण तासाभरात पोचू शकत नाही, तिथं घर घेतलं तर ते सांभाळायला दुसरा माणूस लागतो, आणि तो फुकट मिळत नाही. लहान घर मोठ्यापेक्षा किमतीच्या मानानं बहुधा जास्त भाडं देतं, हेही तिच्या पथ्यावर पडलं.

आता भीतीकडे येते. "भाडेकरू बसला तर?" आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं हा धसका घेतलेला होता आणि तो उगीच नव्हता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, ती मुळात १९४० सालच्या पातळीवर. वाड्यात पंधरा रुपयांनी राहणारं बिऱ्हाड पन्नास वर्षांनीही पंधराच रुपये देत होतं, आणि मालकाकडे कौलं बदलायला पैसे नव्हते. त्यातून सुटायला लोकांनी भाडेकरूऐवजी 'लायसन्सी' ठेवायला सुरुवात केली, तर १९७३ साली कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सी म्हणून राहत होते ते भाडेकरू ठरले. एका रात्रीत. माझ्या वकिलीच्या सुरुवातीला त्या तारखेनं पोळलेली म्हातारी माणसं येऊन बसायची.

आता परिस्थिती तशी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. लिव्ह अँड लायसन्सचा लेखी, नोंदणी झालेला करार असेल आणि मुदत संपूनही समोरचा जात नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथली पद्धत नेहमीच्या दाव्यापेक्षा आटोपशीर आहे, आणि मुदतीनंतर बसून राहिलेल्याला दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. वेळ लागतो, लागत नाही असं मी म्हणणार नाही. पण 'बसला तो बसलाच' हे दिवस गेले.

यातला कळीचा शब्द आहे 'नोंदणी झालेला'. अजूनही मला शंभराच्या स्टँपवर टाईप केलेले, नोटरीचा शिक्का मारलेले करार दाखवले जातात. "अकरा महिन्यांचा आहे, त्याला नोंदणी लागत नाही," हे ठामपणे सांगितलं जातं. ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आली. त्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती, म्हणून लोक अकरा महिने लिहीत. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानं हा मार्ग बंद केला. करार अकरा महिन्यांचा असो की पाच, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

त्याहून मोठी शिक्षा वेगळीच आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं मालकानं. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. त्यांनी पन्नास हजार अनामत घेतली होती, काही रोख. भाडेकरू म्हणाला अडीच लाख दिले. नोंदवलेला कागद नाही, बँकेत नोंद नाही. दोन वर्षं ते माझ्या ऑफिसच्या पायऱ्या चढत होते.

आणि हे सगळं वाचवून वाचतात किती? अठरा हजार भाडं, पन्नास हजार अनामत, अकरा महिने. मुद्रांक पाव टक्का, तो पाचशे रुपयांच्या आसपास. शहरात नोंदणी फी हजार, ग्रामीण भागात पाचशे. हल्ली एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, आधारवरून ओळख पटते, सब-रजिस्ट्रारच्या दारात उभं राहावं लागत नाही. दीड-दोन हजारांसाठी साठ लाखांचं घर टांगणीला लावू नका.

"बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं ना?" हा प्रश्न मला दर महिन्याला येतो. नाही होत. बारा वर्षांचा नियम आहे तो मालकाच्या हक्काला आव्हान देऊन, उघडपणे ताबा ठेवणाऱ्यासाठी. तुमच्या परवानगीनं, तुम्हाला भाडं देऊन राहणाऱ्याचा ताबा हा तुमच्याच वतीचा असतो. फक्त त्याला भाडं न घेता, कागद न करता, वर्षानुवर्षं विसरून जाऊ नका. कोकणातली बंद घरं अशीच वादात जातात.

भाडं थकलं तर कुलूप बदलायचं नाही, पाणी-वीज तोडायची नाही. कायद्यानं मनाई आहे, आणि तुमची बरोबर असलेली बाजू त्या एका दिवसात चुकीची होते. नोटीस, मग अर्ज. अनामत घ्यायची ती दोन-तीन महिन्यांचं भाडं भरून निघेल एवढी, आणि बँकेतूनच. ती वेगळी ठेवा. भाडेकरू जाताना 'आत्ता पैसे नाहीत' म्हणणारे मालक मी भाडेकरूंइतकेच पाहिले आहेत. घर देताना आणि घेताना मोबाईलवर प्रत्येक खोलीचं चित्रण करून दोघांकडे ठेवा. भिंतीवरच्या डागावरून होणारी निम्मी भांडणं तिथंच मिटतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा, ते आता ऑनलाइन होतं.

सोसायटीबद्दल दोनच गोष्टी. घर भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, लेखी कळवावं लागतं. आणि मालक स्वतः राहत नाही म्हणून लावायचं शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, असा राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. महिन्याला अडीच हजार मेंटेनन्समधले दीड हजार सेवाशुल्क असतील तर दीडशे रुपये. काही सोसायट्या हजार-हजार घेतात आणि सभासद भिडेपोटी देतात.

भिडेचाच आणखी एक विषय, जो मी टाळणार नाही. भाडेकरू निवडताना त्याची नोकरी बघा, आधीच्या मालकाला फोन करा, पगाराची स्लिप मागा. पण आडनाव ऐकून घर नाकारू नका. आपल्याच बॅचमधल्या एका मित्राच्या मुलीला, चांगली इंजिनिअर आहे, पुण्यात सात ठिकाणी फोनवर 'या बघायला' म्हणाले आणि नाव सांगितल्यावर 'घर गेलं' म्हणाले. एकटी मुलगी, घटस्फोटित बाई, मांसाहार करणारे, यांनाही हाच अनुभव. सत्तावीस वर्षांच्या माझ्या फायलींत भाडं बुडवणाऱ्यांची कुठलीही एक जात नाही.

कराचं थोडक्यात सांगते, कारण जेवणाची वेळ होत आली आहे. भाड्यातून मालकानं भरलेला महापालिकेचा कर वजा होतो. उरलेल्यातून सरसकट तीस टक्के दुरुस्तीसाठी म्हणून वजा मिळतात, तुम्ही एक खिळा मारलेला नसला तरी. कर्जाचं व्याजही वजा होतं. त्यातून होणारा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येतो की नाही, हे तुम्ही जुनी करप्रणाली घेतली की नवी यावर ठरतं, नवीत नाही. दोन घरं स्वतःच्या वापराची म्हणून दाखवता येतात. तिसरं रिकामं ठेवलं तरी त्याच्या संभाव्य भाड्यावर कर लागतो. परदेशातल्या वर्गमित्रांनो, तुमचा भाडेकरू भारतात बसून तुम्हाला दहा हजार देत असला तरी त्यानं तीस टक्के आणि वर उपकर कापून सरकारजमा करायचा आहे. बहुतेक भाडेकरूंना हे माहीत नसतं. करारातच लिहा, आणि कापलेला जादा कर विवरणपत्र भरून परत घ्या.

घर घेताना काय बघायचं, यावर एक स्वतंत्र सत्र होईल. आत्ता एवढंच. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर घालून ताब्याची तारीख कितीदा पुढं गेली ते वाचा. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा, आणि 'येतंय' हे उत्तर स्वीकारू नका. जुन्या घराला तीस वर्षांचा शोध आणि सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. वकिलाची फी देताना हात आखडू नका, हे मी वकील म्हणून सांगते आहे हे धरूनही.

शेवटची चिठ्ठी आपल्या गणिताच्या सरांची आहे. सरांच्या वाड्यात खालच्या दोन खोल्यांत चाळीस वर्षांचा भाडेकरू आहे, भाडं अजून तीन आकड्यांत. सरांना आता जिना चढवत नाही, खाली राहायला यायचं आहे. "आम्हालाही तुझा तो लिव्ह-लायसन्सचा कायदा लागतो का?" असं सरांनी विचारलंय.

नाही सर, तुमचा भाडेकरू जुना, संरक्षित आहे, त्याला तो सोपा मार्ग लागू नाही. भाडं कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढवता येतं, ते तुम्ही कधी वाढवलेलं नाही. पण मालकाला स्वतःला राहायला जागेची खरी गरज असणं, हे घर परत मागण्याचं मान्य कारण आहे. कोर्ट त्यात दोघांपैकी कुणाची अडचण जास्त हेही बघतं. तुमचं वय, गुडघ्यांचे कागद, हे सगळं त्यात येतं. पण दाव्याला वर्षं लागतील. मला वाटतं, आधी बोलावं. वरच्या मजल्यावरच्या तुमच्या खोल्या त्यांना द्यायच्या आणि तुम्ही खाली यायचं, अशी अदलाबदल होत असेल तर ती लेखी करून देता येईल, त्यांचं भाडेकरूपण तसंच ठेवून. त्यांची सून नोकरी करते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे संध्याकाळी सगळे घरी असतील. मी उद्या दुपारपर्यंत कराडात आहे सर. आज संध्याकाळी चहाला येते, आपण दोघं मिळून त्यांच्याशी बोलू.